गावातून रामोजी फिल्म सिटी: घरच्या सगळ्यांना घेऊन पहिल्यांदा जाताना

रामोजी फिल्म सिटीची सहल बिघडायची असली की ती आदल्या रात्रीच बिघडते. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडच्या गावांतून निघणाऱ्या मंडळींचा बेत बहुधा ठरलेला असतो. संध्याकाळी जेवणं उरकून गाडीत बसायचं, रात्रभर जायचं, सकाळी पेट्रोल पंपावर तोंड धुऊन थेट गेटवर उभं राहायचं. लॉजचे पैसे वाचतात खरे. पण बसून बसून आजीचे पाय सुजतात, पोरांची झोप होत नाही, ड्रायव्हर पेंगत असतो, आणि दुपारी दोनच्या सुमारास निम्मं घर झाडाखाली आडवं होतं. तिकीट पूर्ण दिवसाचं आणि बघणं अर्ध्या दिवसाचं. म्हणून एकच गोष्ट पाळायची झाली तर ही पाळा: आदली रात्र हैदराबादेत, फिल्म सिटीच्या बाजूला, पाठ टेकवून काढा. तारीख, गाडी, पैसा हे सगळं त्यावरून ठरवा.

जागा केवढी आहे ते आधी लक्षात घ्या. फिल्म सिटी १९९६ साली सुरू झाली. पसारा १,६६६ एकरांचा, आणि जगातलं सर्वांत मोठं फिल्म स्टुडिओ संकुल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. पाच एकरवाल्या तीनशेहून जास्त शेतकऱ्यांची वावरं एकत्र केली तर एवढी जमीन होईल. त्यामुळे इथे पायी फिरणं होत नाही. तिकीट खिडकी हैदराबाद-विजयवाडा हायवेच्या बाजूला आहे. तिथून त्यांच्याच बसने आत जायचं, आणि आतही एका भागातून दुसऱ्या भागात बसनेच. रांगा, बस चढणं-उतरणं यांत जो वेळ जातो तो घरून निघताना कोणी धरत नाही. नऊला गेटवर पोचलं म्हणजे नऊला बघायला सुरुवात झाली, असं होत नाही.

आणखी एक गैरसमज. हा काही उंच झुल्यांचा आणि पाण्याच्या घसरगुंड्यांचा पार्क नाही. सिनेमाचे सेट, बागा, स्टंटचा आणि नाचाचा शो, पक्ष्यांचं आणि फुलपाखरांचं उद्यान, लहान मुलांचा फंडुस्तान आणि थोड्या राइड असा हा मामला आहे. आजी-आजोबा ते नातू सगळ्यांना काही ना काही मिळतं, म्हणून पहिल्या सहलीला मी हीच जागा सुचवेन. घरात दहावी-बारावीची पोरं असतील आणि त्यांना थरारच हवा असेल, तर त्यांच्यासाठी रविर्यालाचं वंडरला हे थरारक राइडचं ठिकाण आहे. ते २०१६ साली सुरू झालं आणि बाहेरच्या रिंग रोडवर फिल्म सिटीच्या फाट्यापासून दोनच एक्झिट पुढे आहे. तिथे पाण्याच्या राइडला सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन किंवा पॉलिस्टरचेच लागतात. सुती कापड पाणी पितं, जड होतं आणि घसरगुंडीवर अडकतं, म्हणून हा नियम. साडी नेसून पाण्यात उतरता येत नाही, हे बायकांना घरीच सांगा. दोन्ही एका दिवसात उरकू म्हणाल तर दोन्ही हातचे जातील.

आता घरचं बघा. गावातलं अख्खं घर तीन दिवस बाहेर पडू शकत नाही. ढोरं आहेत, सकाळ-संध्याकाळ दूध काढायचं आहे, लाईन रात्री आली तर मोटर चालू करायची आहे. हे ज्याच्यावर सोपवणार त्याच्याशी तारीख ठरवण्याआधी बोला, तिकीट काढल्यावर नको. गाय नवी व्यालेली असेल तर तिला परक्याचा हात चालत नाही. मग घरातलं एक माणूस मागे राहणार, हे गृहीत धरूनच माणसं मोजा.

तारखेचं गणित आपल्याकडे दोन पंचांगांनी मांडावं लागतं, एक शाळेचं आणि दुसरं वावराचं. शिवाय तेलंगणातल्या सुट्ट्या वेगळ्या, आणि तिथली गर्दी त्यांच्या सुट्ट्यांवर चालते. त्यांच्याकडे बतुकम्मा (नवरात्रातला तिथला फुलांचा सण) आणि दसऱ्याला शाळांना लांब सुट्टी असते, त्यामुळे दसऱ्याच्या आसपास फिल्म सिटी तुडुंब असते. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी लांब असते आणि तिकडे ती थोडीच. म्हणून लक्ष्मीपूजनानंतरच्या आठवड्यातले मंगळवार, बुधवार, गुरुवार धरा. महाराष्ट्र-गुजरातची मंडळी तेव्हा असतातच, पण स्थानिक गर्दी कमी होते. सोयाबीन सोंगून, मळून झालेलं असतं, हातात थोडा पैसा असतो. कापसाची पहिली वेचणी चालू असेल तर मजुरांची व्यवस्था मात्र आधी लावून ठेवावी लागते.

कागदावर सगळ्यात रिकामी वेळ जूनच्या मध्याला येते. तेलंगणातल्या शाळा १२ जूनच्या सुमारास उघडतात आणि विदर्भातल्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात. पण ती आपली पेरणीची वेळ. मृगाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला फिल्म सिटी दाखवून उपयोग नाही. एप्रिल-मे तर सोडूनच द्या. इकडून ४४-४५ अंशांतून निघून तिकडे उघड्या सेटवर उन्हात उभं राहायचं, हे म्हाताऱ्या माणसाला आणि लेकराला झेपत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा सुखाची असते, फक्त नाताळ ते १ जानेवारी आणि संक्रांत टाळा. संक्रांतीला आंध्रची माणसं हैदराबाद सोडून गावाकडे निघतात आणि हा विजयवाडा हायवेच तुंबतो. चौटुप्पलजवळच्या पंतंगी टोलनाक्याच्या रांगांच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि फिल्म सिटी त्याच रस्त्यावर आहे. सणाआधीचे तीन-चार दिवस आणि परतीचे तीन-चार दिवस, दोन्ही वाईट.

जायचं कसं? माझं मत रेल्वेच्या बाजूने. नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून चालू आहे. ती पहाटे नागपूर सोडते आणि दुपारी सिकंदराबादला पोचवते. सेवाग्राम, चंद्रपूर, बल्लारशाह हे थांबे आहेत. दिवसाची गाडी असल्याने आदली रात्र तिकडे काढण्याचा बेत आपोआप जमतो. ती आठवड्यातून एक दिवस नसते, तेवढं बुकिंग करताना बघा. अकोला-वाशीमकडच्यांना पूर्णा-नांदेडमार्गे काचीगुड्याला जाणाऱ्या गाड्या सोयीच्या पडतात.

रात्रीच्या स्लीपरचं तिकीट काढायचं असेल तर दोन-तीन नियम फार कामाचे आहेत. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, त्याआधी १२० दिवस होते). एका तिकिटावर सहाच माणसं बसतात. साठी ओलांडलेले पुरुष आणि पंचेचाळीस ओलांडलेल्या बायका यांना खालच्या बर्थचा कोटा आहे, पण तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असतील तेव्हा तो लागतो. आजी-आजोबांना सहा जणांच्या तिकिटात घातलं की कोटा गेला, आणि आजी मधल्या बर्थवर. म्हणून आठ जणांच्या घराने सहा अधिक दोन अशी दोन तिकिटं काढावीत, आजी-आजोबांचं वेगळं, आणि दोन्ही एकापाठोपाठ लगेच. डबे वेगळे आले तर घरातला एक जाणता माणूस त्यांच्या डब्यात बसवा. पाच ते बारा वर्षांच्या मुलाचं अर्धं तिकीट काढलं तर बर्थ मिळत नाही. रात्रीच्या प्रवासात एका बर्थवर आई आणि आठ वर्षांचा मुलगा म्हणजे दोघांचीही झोप गेली. तिथे पूर्ण तिकीट काढा, हा पैसा वाया जात नाही. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती धरून हिशेब करू नका.

तिकिटावर उतरायच्या स्टेशनचं नाव नीट वाचा. हैदराबादला जाणाऱ्या सगळ्या गाड्या एकाच ठिकाणी जात नाहीत. सिकंदराबाद, काचीगुडा, हैदराबाद म्हणजे नामपल्ली, आणि २०२५ च्या जानेवारीत नव्याने सुरू झालेलं चर्लपल्लीचं टर्मिनल, अशी चार ठिकाणं आहेत. एका स्टेशनसमोर लॉज घेतलं आणि गाडी दुसरीकडे थांबली की आठ माणसं आणि बारा पिशव्या घेऊन शहर ओलांडावं लागतं.

गाडीने जायचं असेल तर पांढरकवड्याहून हैदराबाद साधारण साडेतीनशे किलोमीटर. पैनगंगा ओलांडली की तेलंगण, मग आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी, मेडचल. मेडचलला आलात की शहरात शिरू नका. बाहेरचा रिंग रोड धरा आणि शामीरपेट, कीसरा, घटकेसर करत पेद्दा अंबरपेटला उतरा. अंतर जास्त दिसतं, पण सिग्नल नाहीत. भाड्याची गाडी करताना पाटी बघा. पिवळी पाटी आणि ऑल इंडिया टुरिस्ट परमिट असलेलीच घ्या. ओळखीतली पांढऱ्या पाटीची क्रुझर स्वस्तात मिळते, पण भाड्याने माणसं नेणं तिच्या परवान्यात बसत नाही. नाक्यावर दंड तर होतोच, वर अपघात झाला तर विम्याची भरपाई मिळणं कठीण. दोनशे-चारशे रुपयांसाठी हे करू नये. ड्रायव्हरच्या झोपायची सोयसुद्धा तुमच्याच हिशेबात धरा. तो रात्रभर गाडीतच पडून राहिला तर परतीला तुमचीच माणसं धोक्यात आहेत.

राहायला एल.बी. नगर, हयातनगरचा पट्टा बघा. सिकंदराबाद स्टेशनसमोर लॉज भरपूर आहेत, पण तिथून फिल्म सिटी पस्तीसेक किलोमीटर आणि मध्ये सगळं शहर. एल.बी. नगरहून वीसेक किलोमीटर आणि सरळ हायवे. सिकंदराबादहून एल.बी. नगरला मेट्रोने जाता येतं: सिकंदराबाद ईस्टहून परेड ग्राउंड, तिथे बदलून एम.जी.बी.एस., तिथे पुन्हा बदलून एल.बी. नगर. स्वस्त पडते, पण दोन वेळा बदलणं आणि सरकते जिने. नऊवारी लुगडं नेसणाऱ्या आजीला सरकत्या जिन्यावर चढवू नका. काठ पायरीच्या खाचेत जातो, ती घाबरून मागे रेलते आणि मागचा माणूसही पडतो. प्रत्येक मेट्रो स्टेशनवर लिफ्ट आहे, दोन मिनिटं जास्त लागली तरी तिनेच जा. सामान जास्त असेल तर मेट्रोचा नाद सोडून सरळ मोठी कॅब करा.

एस.टी.तली बायकांची निम्म्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. तेलंगणाच्या बसमध्ये बायकांना मोफत प्रवास आहे, पण तो तिथल्या रहिवासी बायकांना. आपल्या बायकांना तिकीट काढावं लागतं. कंडक्टरशी वाद घालायचं कारण नाही.

फिल्म सिटीच्या आतही हॉटेलं आहेत. सितारा सगळ्यात भारी, तारा मधलं, शांतिनिकेतन परवडणारं, सहारा मोठ्या गटांसाठी. त्यांचं पॅकेज ऐकून घाबरू नका आणि भुलूही नका. पॅकेजच्या रकमेतून आधी तेवढ्या माणसांची प्रवेश तिकिटं वजा करा, मग त्यात धरलेलं जेवण वजा करा. जे उरेल ते खोलीचं खरं भाडं. त्याच्याशी लॉजचं भाडं अधिक जाण्या-येण्याची कॅब ताडून बघा. पाय दुखणारं म्हातारं माणूस घरात असेल तर दुपारी खोलीवर जाऊन तासभर पडता येतं, याचीही किंमत धरा. दर कर धरून की सोडून, हे बुकिंगच्या पानावर अगदी खाली लिहिलेलं असतं.

तिकीट अधिकृत वेबसाइटवरच काढा. फोनवर आलेल्या निम्म्या किमतीच्या लिंकला हात लावू नका. तिकीट आलं की स्क्रीनशॉट काढून घरातल्या दोन फोनवर ठेवा, कारण गेटवर गर्दीत नेट चालेलच असं नाही. मुलांचं तिकीट अशा पार्कांत बहुधा उंचीवर ठरतं, आणि राइडलाही उंचीचीच पट्टी असते. म्हणून घरी नीट मोजून घ्या. चप्पल काढून मुलाला दाराच्या चौकटीला उभं करा, टाचा चौकटीला टेकलेल्या, नजर समोर. डोक्यावर पुठ्ठ्याची वही आडवी धरून चौकटीला काटकोनात टेकवा आणि तिच्या खालच्या कडेला पेन्सिलने रेघ मारा. पोरीचा अंबाडा किंवा हेअरबँड वहीखाली येऊ देऊ नका. मग जमिनीपासून रेघेपर्यंत टेप लावा, इंच आणि सेंटिमीटर दोन्ही लिहून ठेवा. मूल अगदी पट्टीच्या काठावर असेल तर त्याला घरीच समजावून सांगा की अमुक झुल्यावर कदाचित बसू देणार नाहीत. तासभर रांगेत उभं राहून, मोठ्या बहिणीला आत सोडून, त्याला बाहेर काढतात तेव्हा ते लेकरू जे रडतं ते दिवसभर शांत होत नाही. नियम त्याच्याच जिवासाठी आहे. लोखंडी आडवा दांडा मोठ्या माणसाच्या मांडीच्या मापाने बसतो आणि लहान अंग त्याखालून निसटू शकतं.

आत गेल्यावर आधी कार्यक्रमाचा कागद आणि नकाशा घ्या. सगळी गर्दी सुरुवातीच्या यूरेका भागातच घोटाळते, फोटो काढते, नाश्ता करते. तुम्ही तेवढ्यात स्टुडिओची बस-सफर धरा. ती उघड्यावरची आहे आणि लांबलचक आहे. अकरानंतर ऊन चढलं की तीच सफर जड जाते. दुपारचं ऊन छपराखालच्या शोंसाठी राखून ठेवा. बसमधून मध्ये उतरवतात आणि पुढे दुसऱ्या बसमध्ये बसवतात, म्हणून पिशवी सीटवर ठेवून उतरू नका. बाहुबलीच्या सेटवर सावली कमी आणि फोटोंचा हट्ट जास्त, तिथे आजीला टोपी किंवा डोक्यावर पदर, आणि पाण्याची बाटली जवळ.

सेट बघताना मुलांना एक गोष्ट जवळून दाखवा. दगडी वाटणाऱ्या भिंतीवर, हात लावू देत असतील तिथे, बोटाच्या पेराने टकटक करा. आवाज पोकळ येतो. आत प्लास्टर ऑफ पॅरिस, फायबर आणि मागे लाकडी-लोखंडी सांगाडा. मग इमारतीला वळसा घालून मागे बघा. पुढून दवाखाना दिसणारी वास्तू मागून वेगळीच काही दिसते, कारण कॅमेऱ्याला एका वेळी एकच बाजू लागते. हे कळलं की पोरं पुढच्या प्रत्येक सेटकडे वेगळ्या डोळ्यांनी बघतात. सहलीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हाच.

हलणाऱ्या खुर्च्यांच्या आणि गोल फिरणाऱ्या राइडवर जेवल्या जेवल्या बसू नका, तासभर जाऊ द्या. मानेचं, कमरेचं, हृदयाचं दुखणं असणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने बसूच नये. शोच्या वेळा ठरलेल्या असतात. दोन शो जवळजवळ असतील तर एक सोडा, पळापळ नको. सगळंच बघायचा हट्ट धरलेली घरं संध्याकाळी भांडत बाहेर पडतात.

घरची शिदोरी आत नेता येत नाही. दशम्या, तिळाची चटणी, चिवडा हे गाडीसाठी आणि रात्रीसाठी. सकाळी गेटवर जाण्याआधी पोटभर नाश्ता करा, म्हणजे दुपारच्या जेवणाला दोनपर्यंत थांबता येतं आणि एकची झुंबड टळते. तिकडे ताटात भात मुख्य असतो. पोळी हवी असेल तर पुलका मागा. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांच्या खिशात बिस्किटं आणि गूळ असू द्या, आणि औषधं चार दिवसांची न्या, बेत तीनच दिवसांचा असला तरी.

चप्पल नवी नको. सहलीसाठी खास घेतलेली नवी चप्पल दुपारपर्यंत टाच सोलते. आणि वावरात दिवसभर निंदण करणाऱ्या बाईलाही इथे पाय दुखण्याचं नवल वाटतं. मातीत पाय दबतो, सिमेंटवर प्रत्येक पावलाचा दणका थेट गुडघ्याला लागतो. जुनी, मऊ तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घ्या. दर तासाला दहा मिनिटं बसणं ठरवूनच ठेवा.

मूल हरवण्याची भीती प्रत्येक घराला असते. गावात मुलाला सगळे ओळखतात, "अमक्याचा नातू" म्हणून कोणीही घरी आणून सोडतं. इथे तसं नाही, भाषाही तेलुगू. मुलाच्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर, बॉलपेनने आई-बाबांचे दोन नंबर लिहा आणि वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा, घामाने पुसत नाही. एक जागा ठरवा: चुकामूक झाली तर तिथेच थांबायचं, शोधत फिरायचं नाही. हेच आजोबांनाही सांगा. त्यांच्या बंडीच्या खिशात पाचशेची नोट आणि लॉजचं कार्ड ठेवा.

साडेपाचच्या सुमारास समारोप झाला की सगळी गर्दी एकदम बसकडे धावते. चालायला त्रास असलेलं कोणी बरोबर असेल तर पंधरा-वीस मिनिटं आधी निघा, नाहीतर शेवटपर्यंत बसून राहा आणि गर्दी ओसरू द्या. मध्ये घुसू नका. बाहेर कॅबवाला संध्याकाळी मनाला येईल तो भाव सांगतो, म्हणून सकाळी सोडणाऱ्यालाच परतीचं ठरवून त्याचा नंबर घ्या.

त्याच रात्री परतीची गाडी धरू नका, दुसऱ्या दिवसाची धरा. सकाळ मोकळी मिळते. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असतं आणि प्राणिसंग्रहालय सोमवारी, तेवढं बघून ठरवा. परतीची वंदे भारत दुपारी सिकंदराबादहून निघते आणि रात्री आठनंतर नागपूरला येते. गावाकडची शेवटची एस.टी. तोवर निघून गेलेली असते. तेव्हा नागपूरपर्यंतचं तिकीट न काढता चंद्रपूर किंवा सेवाग्राम, जे जवळ पडेल तिथपर्यंतचं काढा, आणि स्टेशनवर न्यायला येणाऱ्या जीपवाल्याला निघण्याच्या दिवशीच वेळ सांगून ठेवा.